पांढऱ्या पट्ट्यांची वाट

"गाडी थांबवा," आप्पा म्हणाले, आणि आमची सगळी रांग जागच्या जागी थांबली.

आप्पा म्हणजे माझे वडील. जन्मभर एसटी चालवली. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्यांच्या बोलण्यातली गाडी काही डेपोत लागली नव्हती. देवरुखातलं आमचं 'रविवार पायपीट मंडळ' त्यांनीच सुरू केलेलं. दर रविवारी उजाडता उजाडता पंधरा-वीस जण त्यांच्या मागोमाग रानात निघायचो. आम्हाला ते पॅसेंजर म्हणायचे. सगळ्यांच्या पुढे फक्त ते. "ड्रायव्हरच्या पुढे एकच गोष्ट असते, काच," असं म्हणायचे, आणि नवीन आलेलं कुणी उत्साहाच्या भरात पुढे सटकलं तर त्याला परत बोलावून रांगेत उभं करायचे.

"काय झालं हो आप्पा?" मागून गद्रे डॉक्टरांनी विचारलं. गद्रे डॉक्टर दातांचे, आणि मंडळाचे चिटणीस. रानातसुद्धा इस्त्रीचा शर्ट घालून येणारा आणि प्रत्येक चढाला 'हा शेवटचाच ना?' असं विचारणारा माणूस.

"वर कटर चालू आहे."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. एप्रिलची सकाळ होती, करवंदीच्या जाळीत बुलबुलांचा नुसता गलका चालला होता. मग वारा पडला आणि मलाही ऐकू आलं. लाकूड कापायच्या मशीनची घरघर. ती वाढत गेली, थांबली, आणि मग काहीतरी मोठं कडाडून पडलं.

"आपल्या वाटेवरच आहे," आप्पा म्हणाले. "चला, बसून घ्या." म्हणजे चालू लागा.

त्यांनी पाय उचलला. वाटेवरच्या झाडांना छातीएवढ्या उंचीवर चुन्याचे पांढरे पट्टे होते. जाता जाता प्रत्येक पट्ट्यावर आप्पा पंजाने थाप मारायचे, बस सुटायच्या आधी कंडक्टर पत्र्यावर मारतो तशी. हे पट्टे आम्हीच मारलेले. संक्रांतीनंतरचा पहिला रविवार हा आमचा पट्टेरविवार. त्या दिवशी बादलीत चुना कालवायचा, टिकावा म्हणून त्यात डिंक घालायचा, आणि ब्रश घेऊन वाटभर झाडं रंगवत जायचं. घरून आणलेले तिळाचे लाडू चुन्याच्या हातांनी खायचे. दोन वर्षांपूर्वी पुण्याहून आलेले पाहुणे रानात चुकले होते, तेव्हापासून ही पद्धत पडली. निदान मंडळाच्या सभेत तरी कारण असंच सांगितलं गेलं होतं.

हे घडलं त्या वर्षी खालची जुनी वाट पाण्याच्या पाइपसाठी खणून ठेवली होती, म्हणून आम्ही पहिल्यांदाच खानविलकरांच्या रानातून जात होतो. वाटेने जाऊ का म्हणून त्यांना विचारलं होतं. पट्टे मारू का, हे विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

वळण घेतलं आणि समोर एक किंजळ आडवा पडलेला दिसला. कोवळा नव्हे, चांगला बाप्या माणसाएवढा जाड. त्याच्या खोडावर पांढरा पट्टा होता, आणि तो एका बाजूला उतरता होता.

"हा माझा," गद्रे डॉक्टर हळूच म्हणाले. त्यांचे पट्टे नेहमी वाकडे यायचे, त्यावरून आम्ही त्यांची खूप टर उडवत असू. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

पुढे आणखी एक झाड पडलं होतं. त्याच्यापुढे आणखी एक. जे उभं होतं त्याला पट्टा नव्हता, जे पडलं होतं त्याला होता. डोक्यात प्रकाश पडायला मला जरा वेळ लागला. पडला तेव्हा मी पळतच सुटले.

"चारू!" आप्पा ओरडले. "पुढे जायचं नाही!"

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना ओलांडून पुढे गेले.

जुनी आणि नवी, आमच्या दोन्ही वाटांच्या टोकाला, सडा म्हणजे वरचं कातळाचं पठार सुरू व्हायच्या आधी, एक जुना बेहडा होता. त्याच्या उंच ढोलीत धनेशाची मादी बसलेली होती. धनेशाची, म्हणजे गावच्या भाषेत गरुडाची, तऱ्हाच निराळी. मादी ढोलीत शिरते आणि आतून दार लिंपून घेते. फक्त चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवते. आत अंडी घालते, अंगावरची पिसं झाडून टाकते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून फळं आणून त्या फटीतून भरवत राहतो. म्हणजे झाड पडलं तर तिला उडूनही जाता येत नाही. होळीपासून आमचा प्रत्येक रविवार त्या बेहड्याखाली संपत होता. आणि त्या बेहड्यालाही आम्ही पट्टा मारला होता. चांगला जाडजूड, दोन हात देऊन.

मी पोचले तेव्हा कटरवाला मशीनची दोरी ओढत होता.

"थांबा!" मी बुंध्याला पाठ लावून उभी राहिले. दम इतका लागला होता की पुढचं बोलवेना.

"ताई, बाजूला व्हा. लागंल."

"हे झाड तोडायचं नाही."

"पट्टा हाय ना." त्याने माझ्या खांद्यामागे बोट दाखवलं. "पट्टा असंल तो झाड घ्यायचा. मालकांनी तसाच सांगितलंनी ठेकेदाराला."

"हा पट्टा मालकांचा नाही, आमचा आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत बघितलं. मी बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात बसणारी बाई, पायात कॅनव्हासचे बूट, गळ्यात दुर्बीण. "तुमी कशाला झाडांना चुना लावताव?" त्याने विचारलं. प्रश्न अगदी सरळ होता, आणि मला त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही.

तोवर मंडळी वर आली. आप्पा बेहड्यापाशी येऊन थांबले, त्यांनी पट्ट्यावर थाप मारली आणि हात तिथेच ठेवला. "उभं आहे," ते म्हणाले.

"ओ, म्हातारबाबा, तुमी तरी सांगा या ताईंना," कटरवाला म्हणाला. "दुपारी ठेकेदार ट्रक घेऊन येनार. तवर झाड आडवा नसला तर माझा काय खरा नाय."

"खानविलकरांना बोलवा," मी म्हणाले. "ते येईपर्यंत मी इथून हलणार नाही. मशीन चालवायचं तर माझ्यावरून चालवा."

खानविलकरांचं घर थेट डोंगराच्या पायथ्याला. आता कोण उतरणार आणि कोण परत चढणार, म्हणून सगळे एकमेकांकडे बघू लागले. "मी जातो," गद्रे डॉक्टर म्हणाले आणि निघालेसुद्धा. अर्ध्या चढावर दोनदा टेकणारा माणूस! मला त्या क्षणी त्यांचे सगळे वाकडे पट्टे माफ होते.

कटरवाल्याने बिडी पेटवली. मी बुंध्याला टेकून उभी होते. सालीचा खरखरीतपणा पाठीला टोचत होता, आणि डोक्यावर कुठेतरी ती बाई कोंडून बसली होती. मध्येच पंखांचा सू-सू असा मोठा आवाज करत नर आला, पण ढोलीवर न येता समोरच्या झाडावर बसला. चोचीत उंबर होतं.

"आला काय गं?" आप्पांनी विचारलं. त्यांचं तोंड बेहड्याकडे होतं.

"आलाय. जवळ येत नाही."

"येईल. मशीन गप आहे ना, येईल."

पण तो आला नाही. वरच्या फटीतून मादीच्या चोचीचं टोक दिसायचं आणि आत जायचं. मला संताप येत होता आणि तो कुणावर काढावा ते कळत नव्हतं. पट्टे आमचे, चुना आमचा, डिंकसुद्धा आमचाच.

खानविलकर आले ते घामाघूम होऊन आणि चिडून. धिप्पाड माणूस, हातात काठी, गुडघे दुखरे. त्यांच्या मागे गद्रे डॉक्टर, शर्टाची इस्त्री पार विरघळलेली.

"काय तमाशा लावलाव?" खानविलकरांनी विचारलं. "रविवारचं फिरायला देतो म्हणून आता झाडं पन तुमी सांगाल ती तोडायची?"

"दादा, गैरसमज झालाय," मी म्हणाले. "हे पट्टे तुम्ही मारलेले नाहीत. आम्ही मारलेत. संक्रांतीनंतर."

"मी मारलेत. मागच्या महिन्यात. खालच्या अंगानं सुरवात करून वर आलो."

"या बेहड्यापर्यंत आला होतात?"

ते जरा घुटमळले. "मध्ये एक दिवस पुतण्याला धाडला होता. त्यानं कुठवर मारलान ते कुनाला ठावं? पट्टा हाय म्हनजे आमचाच."

"नीट बघा दादा, हा वाकडा पट्टा…" गद्रे डॉक्टरांनी खाली पडलेल्या किंजळाकडे हात केला.

"चुन्यावर नाव लिवलेलं असतं काय डॉक्टर? माझी नजर एवढीच वाटते तुमाला?" खानविलकरांनी काठी आपटली. "मी सांगतो काय झालंय ते. गेल्या साली पन तुमी घरी आला होतात, गरुडाचं झाड तोडू नका म्हनून. मी तवाच सांगितला, माझ्या रानाचा मी बघंन. आता झाडाला कटर लागला तसा हा पट्ट्याचा नाटक काढलाव."

"नाटक नाही!"

"मग सांग ना, पोरी. माझ्या रानात चुना घेऊन कशाला फिरत होतात?"

"नव्या माणसांना वाट कळावी म्हणून," गद्रे डॉक्टर म्हणाले.

"नवी मानसं!" खानविलकरांनी आमच्या रांगेवरून नजर फिरवली. तेच ते सगळे ओळखीचे चेहरे. पोस्टातले, बँकेतले, दोघी शिक्षिका. "यातला नवा कोन? आनि वाट तर मळलेली हाय, आंधळा पन चालंल. तिला एवढे पट्टे?"

 मी बोलू शकले असते, पण ते सांगायचा अधिकार माझा नव्हता. डॉक्टर खाली बघत होते. एक शिक्षिका पदराने उगीचच चष्मा पुसत होती.

"चल रे," खानविलकर कटरवाल्याला म्हणाले. "कामाला लाग. चारू, बाजूला हो. तू शेट्ये ड्रायवरची पोर, तुला हात धरून बाजूला करायची पाळी मला आनू नको."

"मी हलणार नाही," मी म्हणाले. माझा आवाज फाटला, पण पाय हलले नाहीत.

तेव्हा आप्पांनी पट्ट्यावरचा हात काढला.

"खानविलकर," ते म्हणाले. "तुमच्या लग्नाचं वऱ्हाड कुणी नेलं होतं?"

"तुमीच. संगमेश्वरला. ते कशाला आता?"

"रात्रीचे परत आलो. घाटात धुकं. तुम्ही नवरदेव पुढे माझ्या शेजारी येऊन बसलात. म्हणालात, ड्रायव्हरसाहेब, मला काहीच दिसत नाही, तुम्हाला दिसतं काय?"

खानविलकरांच्या चेहऱ्यावरचा राग थोडा सैलावला. "आनि तुमी म्हनलात, मला दिसतं तोवर तुमाला बघायची गरज नाय."

"आता मला दिसत नाही," आप्पा म्हणाले.



"पट्टे माझ्यासाठी आहेत. काचबिंदू आहे दोन्ही डोळ्यांत. पांढरं तेवढं जरा उजळ दिसतं, तेही समोर असलं तर. एका पट्ट्यावरून दुसऱ्यावर जातो. या पोरांनी नव्या माणसांचं निमित्त काढलं, कारण म्हाताऱ्याला वाईट वाटू नये. मला ते पहिल्या दिवसापासून माहीत आहे."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. त्यांनी हे कधी कुणाला सांगितलं नव्हतं, मलासुद्धा नाही. घरात ते भिंतीला हात लावून चालायचे, मी बघितलं की हात काढून घ्यायचे. वर्तमानपत्र उघडून बसायचे आणि मी बातम्या मोठ्याने वाचल्या की 'वाचल्या मी त्या' म्हणायचे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे मी त्यांना न्यायचे आणि परत येताना आम्ही बाजारभावावर बोलायचो. तीस वर्षांत गाडीला साधा ओरखडा न लागू देणारा माणूस! ते नजर गेल्याचं तोंडाने म्हणाले असते तर काय झालं असतं कोण जाणे, म्हणून मीही कधी म्हणवून घेतलं नाही. मंडळातल्या सगळ्यांना माहीत होतं. कुणीच बोललं नव्हतं. रविवारी सकाळी ते पुढे चालायचे तेवढे तीन तास ते पूर्वीचे आप्पा असायचे आणि आमच्यापैकी कुणालाच ते तीन तास मोडायचे नव्हते.

खानविलकरांचा मात्र विश्वास बसेना. "काय पन सांगताव आप्पा. सगळ्यांच्या पुढं चालताव तुमी. मी खालून बघतो ना दर रविवारी. काठी पन नसते हातात."

"पट्टे आहेत म्हणून चालतो."

"हे तुमी पोरीपायी बोलताव. गरुडापायी."

"बरं," आप्पा म्हणाले. "तिकडे, उजव्या अंगाला पट्टे आहेत काय?"

"नाय. तिकडं कायच नाय."

"मग बघा."

आणि ते वळून चालू लागले. नेहमीसारखेच, ताठ, मान वर. मी झाड सोडून पुढे व्हायला लागले तसा त्यांनी मागे न बघता हात वर केला. "कुणी हात लावायचा नाही. चारू, तू झाड सोडू नको."

समोर ताज्या तोडलेल्या झाडाचं खोड होतं. गुडघ्याएवढं. आम्हा सगळ्यांना दिसत होतं. आप्पांनी चार पावलं टाकली, पाचवं टाकलं. कुणीतरी 'आप्पा' म्हणून ओरडलं. त्यांनी ऐकलं आणि तरीही पुढचं पाऊल टाकलं. नडगी खोडावर आदळली आणि ते तोंडावर पडले.

मी झाड सोडलं नाही. त्यांनी सांगितलं होतं म्हणून सोडलं नाही, पण आजही ते आठवलं की माझी नखं तळहातात रुततात.

धावले ते खानविलकर. दुखऱ्या गुडघ्यांनी, काठी टाकून. त्यांनी आप्पांना बखोटीला धरून उठवलं. आप्पांच्या नडगीतून रक्त येत होतं, कपाळाला माती लागली होती. खानविलकरांनी आपल्या पंच्याने ती पुसली. बराच वेळ पुसत राहिले.

"आता पटलं?" आप्पांनी विचारलं.

खानविलकरांनी पंचा खांद्यावर टाकला. कटरवाल्याकडे वळून म्हणाले, "मशीन खाली घेऊन जा. आज काम बंद. ठेकेदाराला मी बगतो."

मला वाटलं, संपलं. पण त्यांचं संपलं नव्हतं. झाडं त्यांची गेली होती, विकायची नव्हती ती गेली होती, आणि दहा माणसांसमोर एका म्हाताऱ्याला पाडल्याची शरम वर. ती शरम रागाच्या वाटेने बाहेर आली.

"हे बगा," ते आम्हाला म्हणाले. "चालायचा तर चाला. वाट बंद करीत नाय. पन तुमचा एकूनएक पट्टा आजच्या आज पुसायचा. परत माझ्या रानात चुना दिसता नये. उद्या ठेकेदाराची मानसं येतील, तुमचा कुठला नि माझा कुठला, कोन सांगनार त्यांना?"

बोलणं रास्त होतं. गद्रे डॉक्टर काहीतरी मध्यममार्ग काढायला बघत होते, पण आप्पांनी त्यांना थांबवलं. "पुसा," ते म्हणाले.

आम्ही पुसले. पिशव्या, रुमाल, पाण्याच्या बाटल्या, जे हाताशी होतं त्याने. डिंक घातलेला चुना सहजासहजी निघत नव्हता, दगडाने खरवडावा लागत होता. आप्पा बेहड्याखाली बसून होते. खालून वर एकेका झाडावरून खरवडण्याचा आवाज येत होता आणि त्यांची वाट एकेका हाताने कमी होत होती. शेवटचा पट्टा बेहड्यावरचा. तो मी पुसला. मी खरवडत असतानाच नर उडून ढोलीवर आला, फटीपाशी लटकला आणि त्याने उंबर आत दिलं.

"भरवलंन?" आप्पांनी विचारलं.

"भरवलंन."

"झालं तर मग," ते म्हणाले. उतरताना मात्र पहिल्यांदाच ते रांगेच्या मागे होते, माझा दंड धरून.

तो आठवडा घरात जड गेला. आप्पा नडगीवर हळद लावून आरामखुर्चीत बसून राहायचे. भिंतीला हात लावून चालताना आता माझ्यासमोर हात काढून घेत नव्हते. मला ते बघवत नव्हतं. बुधवारी रात्री जेवताना ते म्हणाले, "रविवारी मी येणार आहे."

"येणार म्हणजे? यायलाच हवं."

"मागे चालेन. तुझ्या खांद्यावर हात ठेवून. गद्र्यांना सांग पुढे चालायला. सवय करायला हवी."

ते हे अगदी सहज म्हणाले. "आमटी वाढू?" मी विचारलं. मग भांडी घासताना मी मनाशी ठरवलं. आप्पा मागे चालणार नाहीत. चुना नको म्हणाले ना खानविलकर? नको तर नको. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी मी गद्रे डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन बसले, आणि संध्याकाळपर्यंत मंडळातल्या प्रत्येक घरी जाऊन आले.

रविवारी आप्पा माझा हात धरून वाटेच्या सुरुवातीला आले. "पॅसेंजर कुठे आहेत?" त्यांनी विचारलं. "एवढी शांतता?"

"पुढे बघा आप्पा," मी म्हणाले.

त्यांनी मान वर केली. डोळे बारीक केले. मग माझा हात सोडला आणि सरळ चालत गेले. पहिल्या झाडापाशी पोचून त्यांनी थाप मारली ती गद्रे डॉक्टरांच्या छातीवर. डॉक्टर बुंध्याला पाठ लावून, पांढरा सदरा घालून उभे होते.

"कोण रे?"

"पट्टा," डॉक्टर म्हणाले.

 आप्पांनी बोटांनी सदरा चाचपला. "तरीच वाकडा आहे," ते म्हणाले.

पुढच्या झाडाला पोस्टातले काका, त्यापुढे पांढऱ्या साडीतली शिक्षिका, त्यापुढे तिची मैत्रीण, नवऱ्याचा लेंगा-सदरा घालून. आप्पा ज्याला ओलांडून जायचे तो बाजूने झुडपांतून धावत पुढे जायचा आणि नव्या झाडाला पाठ लावून उभा राहायचा. पंधरा माणसं, आणि सगळी वाट! बोरकाट्यांनी कपडे फाटत होते, धापा टाकत होतो, हसत होतो. आप्पा कुणाच्या खांद्यावर, कुणाच्या पोटावर थाप मारत वर चढत होते. "पोटं कमी करा रे," मध्येच म्हणाले, "झाडं बारीक आहेत." त्यांचा चालण्याचा वेग नेहमीचा होता.

बेहड्यापाशी मी उभी राहणार होते. शेवटचा चढ मी काट्याकुट्यांतून धावत चढले आणि बघते तर बेहड्याखाली खानविलकर. गंजीफ्रॉक, पांढरं धोतर, हातात कोयती. 

"चुना लावलात काय कुठं?" त्यांनी विचारलं.

"नाही दादा. एक थेंबसुद्धा नाही. माणसंच आहेत."

"बगितलं मी. पहाटेपासनं इथंच बसून बगतोय वरनं. ही काय येडी मानसं पळतायत म्हनलं." त्यांनी माझ्या पांढऱ्या कुर्त्याकडे पाहिलं, वाटेवर वर येणाऱ्या आप्पांकडे पाहिलं. कोयती खाली ठेवली. "तू बाजूला हो."

"दादा, इथे मी…"

"बाजूला हो म्हनतो ना."

मी हटले. खानविलकर बेहड्याला पाठ लावून उभे राहिले. हात अंगालगत, छाती पुढे, फोटो काढताना उभी राहतात तशी माणसं.

आप्पा वर आले. समोरचं पांढरं बघून थेट चालत आले आणि थाप मारली. मग थबकले. पंजा त्या रुंद छातीवर फिरवला.

"कोण? ही छाती आमच्यातल्या कुणाची नाही."

"खानविलकर."

आप्पांचा हात तिथेच राहिला.

"झाड माझा," खानविलकर म्हणाले, "तर पट्टा पन माझाच. दर रविवारी इथं मी असंन."

 खाली सगळी मंडळी धापा टाकत जमली होती. तेवढ्यात डोक्यावरून सू-सू करत पंखांचा आवाज गेला. खानविलकरांनी झटकन मान वर केली. इकडे बघ, तिकडे बघ, काही दिसेना.

"कुठंशी गेला ओ?" त्यांनी विचारलं. "एवढी वर्षं झाड माझ्या रानात, मी कदी बगितलाच नाय."

आप्पांनी त्यांच्या दंडाला धरून त्यांना जरासं वळवलं, आणि वर न बघताच बोट दाखवलं.

"तो काय. ढोलीच्या डाव्या अंगाला. भरवतोय बघा."

खानविलकरांनी बघितलं. तो तिथेच होता.